आडवी पाच, उभी चार पूर्णांक सहा

४ तारीख, मंगळवार

मी केलं. कबूल. आधी लिहून टाकतो, म्हणजे सुटलो.

आज दुपारी खडू मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात आला आणि माझ्या हातात बारा कागद ठेवले. प्रत्येकावर एकेका सेंटिमीटरच्या घरांचा आलेख आणि त्यावर एक वर्तुळ. माझ्या बहिणीला सरावासाठी. म्हणाला, "लेका, नीट काढ हं. घरं स्पष्ट दिसली पाहिजेत." मी म्हटलं, "हो सर." तो पायरी उतरला आणि मी मशीनवर रुंदी शंभर टक्के ठेवली, लांबी ब्याण्णव केली.

आमच्या मशीनला लांबी वेगळी आणि रुंदी वेगळी लहानमोठी करता येते. हे कुणी वापरत नाही, मामालाही माहीत नाही. मला माहीत आहे, कारण मागे मी मामाचा फोटो साठ टक्के लांबीचा काढून शटरला चिकटवला होता. तीन दिवस गिऱ्हाइकं विचारत होती, "मामा, अंग धरलंत की हो!"

ब्याण्णव डोळ्याला कळत नाही. वर्तुळ वर्तुळच दिसतं. जरासं बसकं, एवढंच. डोक्यावर कुणी हात ठेवून दाबल्यासारखं. पण मोजायला गेलं की निसटतं.

का केलं? तर काल काय झालं ते ऐका.

खडू म्हणजे माझा शाळेतला बाकावरचा जोडीदार. शेवटचा बाक, खिडकी माझी, भिंत त्याची. बारीक, पांढरा, जरा दाबला की तुटेल असा, म्हणून मीच नाव ठेवलं खडू. मग दहावीला गणितात मी उडालो, तो तरला. मी पुन्हा बसलो, पुन्हा उडालो. तो आता इंजिनियरिंगच्या डिप्लोमाला. निकालानंतर विसरला मला. म्हणजे तीनदा घरी आला होता, मी मागच्या दाराने पळालो, ते वेगळं. पण चौथ्यांदा आला का? नाही ना? मग?

आता दोन वर्षांनी आला, तोही आईने बोलावलं म्हणून. बहिणीला ड्रॉइंगच्या कोर्सला जायचंय, यंत्रांचे आराखडे काढायला शिकवतात तिथे. चोवीस तारखेला प्रवेश परीक्षा. सगळं येतं तिला, फक्त आलेखावर वर्तुळ दिलं आणि केंद्र-त्रिज्या विचारली की हातपाय गळतात. तर काल खडू आला आणि आईने त्याला पाठ असलेली खुर्ची दिली. आमच्या घरात पाठ असलेली खुर्ची एकच, आणि मी टेकलो तर आई ओरडते, "मोडशील." कपही टवका न गेलेला. वर म्हणाली, "सर, घ्या ना अजून. आमचा दिवटा तुमच्याच बाकावर होता, पण बाक काय करणार!"

खडूला सर! माझ्यादेखत!

म्हणून केलं. बहिणीची उत्तरं चुकतील आणि सरांचं पितळ उघडं पडेल. संपलं.

६ तारीख, गुरुवार

खडू पाच दिवस नाही. त्याच्या कॉलेजच्या परीक्षा. ते बारा कागद देऊन गेलाय आणि सांगून गेलाय, रोज तीन सोडव.

माझ्या बहिणीचं नाव मी फुटपट्टी ठेवलंय. तिला पट्टीशिवाय जग दिसत नाही. लहानपणी बिस्कीट अर्धं करायचं तरी पट्टी आणायची. तर फुटपट्टीने काय केलं, वर्तुळाच्या मध्यावर टिंब दिलं आणि आडवं मोजलं. पाच सेंटिमीटर. मग उभं मोजलं. चार पूर्णांक सहा. पुन्हा आडवं. पुन्हा उभं. पट्टी पुसली. चष्मा पुसला. पुन्हा मोजलं.

मी कोपऱ्यात बसून बूट पुसत होतो. बूट चकचकीत झाले पण मी थांबलो नाही.

"दादा," ती म्हणाली, "वर्तुळाची त्रिज्या सगळीकडून सारखी असते ना?"

"मला काय विचारतेस? तुझे सर आहेत ना, बुद्धीचे सागर."

"ते नाहीयेत म्हणून विचारतेय."

"बरोबर. ते असले की मी कोण!"

तिने नुसतं बघितलं. मग पुन्हा पट्टी.

आज फार मजा आली. (थोडी कमी आली. पण आली.)

९ तारीख, रविवार

फुटपट्टीने तोडगा काढलाय. सगळ्या वहीभर त्रिज्या चार पूर्णांक आठ.

मी विचारलं, हे कुठून आलं? म्हणाली, "आडवी पाच येते, उभी चार पूर्णांक सहा. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली. कुणालाच वाईट वाटायला नको."

अशी आहे ही. दोन शेजारी भांडले तरी दोघांकडे सारखी हसून जाते. पण वर्तुळाला काय त्याचं! बारा कागदांवर बारा वर्तुळं, कुठे चार पूर्णांक आठ, कुठे दोन पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. केंद्राचंही तेच. वजा दोन असायला हवं तिथे वजा एक पूर्णांक चौऱ्याऐंशी. एवढी दशांशचिन्हं की वहीला गोवर आल्यासारखी दिसते.

आणि हे ती दिवसाला चार-चार तास करतेय. खेळायला जात नाही. माझ्या विनोदांना हसत नाही. काल मी मामाची नक्कल केली, मशीनमध्ये कागद अडकल्यावर मामा कसा मशीनची आईबापासारखी विनवणी करतो ती. एरवी ती लोळते. काल म्हणाली, "छान," आणि पट्टी फिरवली.

हे खडूमुळे. सगळं खडूमुळेच.

११ तारीख, मंगळवार

पितळ उघडं पडलं. जसं ठरवलं होतं तसंच. मग मला जेवण का गेलं नाही कळत नाही.

खडू संध्याकाळी आला. आल्याबरोबर पुस्तकातली सराव परीक्षा लावली तिला. पुस्तकातले आलेख छोटे, एक घर अर्ध्या सेंटिमीटरचं. हिने पट्टी लावली. त्रिज्या पाच होती, हिने लिहिली अडीच. सगळ्या वर्तुळांचं तसंच. दहापैकी शून्य.

आई दारात उभी होती. म्हणाली, "सर, आठवडा झाला. काय शिकवलंत हो?"

आहाहा! 'सर' होतं, पण त्यातली साखर गेली होती. मी पाण्याचा ग्लास घेऊन मुद्दाम मधून गेलो, चेहरा बघायला. खडू लाल झाला होता. त्याने झेरॉक्सचा कागद उचलला, पट्टीने एक घर मोजलं. आडवं. मग उभं. मग माझ्याकडे बघितलं.

मी पाणी प्यायलो.

तो आईला म्हणाला, "माझंच चुकलं काकू. पट्टीने नाही मोजायचं, घरं मोजायची, हे आधी सांगायला हवं होतं." माझं नाव नाही घेतलं. घेऊन बघायचं होतं, मी तयार होतो! सात खोट्या कारणांची यादी होती माझ्याकडे. एकही वापरायला मिळालं नाही. असा राग आला त्याचा.

मग फुटपट्टीने वही मिटली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नको सर. मला नाही जमत. जी गोष्ट सगळीकडून सारखी असते तीच मला दोन-दोन दिसते. माझ्यातच काहीतरी खोट आहे. मी नाही बसत परीक्षेला. मी दादासारखी मामाच्या दुकानात बसेन."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी कुणाचं तरी काहीतरी फोडलंय.

दादासारखी. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? चांगलं दुकान आहे. पंखा आहे. 

१२ तारीख, बुधवार

खडू दुकानात आला. म्हणाला, "माझे मूळ कागद दे जरा." दिले. त्याने मूळ कागदावर माझी प्रत ठेवली आणि दोन्ही मिळून दाराच्या उजेडात धरले. आडव्या दिशेने घरावर घर बसलं. खाली खाली मात्र सरकत गेलं. सोळा घरं संपेपर्यंत सव्वा घराचा फरक.

"मशीन जुनं झालंय का रे?"

"हो ना. फार."

मागून मामा ओरडला, "काय जुनं? आठ महिने झाले नाहीत आणून! कार्ट्या, गिऱ्हाईक पळवतोस?"

खडू हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. कागद खाली ठेवून म्हणाला, "ऐक. माझे अजून तीन पेपर आहेत. बाकीचं गणित मी बघतो, वर्तुळं तू घे."

"मी? दोनदा उडालोय मी."

"पेपरात उडालास. मोजण्यात नाही. शाळेत मागच्या दाराने सर येतायत हे पावलं मोजून सांगायचास तू, मान न वळवता. किती पावलांवर आहेत ते. कधी चुकलास?"

"ते वेगळं."

"कागद आणि मशीन तुझं खातं आहे. तुझ्याइतकं कुणाला कळणार?"

बघा. काम टाळायचं असलं की माणूस किती गोड बोलतो! 'सर' म्हणवून घ्यायला हा, पाठवाल्या खुर्चीत बसायला हा, आणि हमाली करायला मी.

शिवाय जाताना स्वतःची वहीही काउंटरवर विसरला. विसरभोळा. हाक मारणार होतो, पण मामाने कागद लावायला सांगितले.

१३ तारीख, गुरुवार

वही चाळली. गंमत म्हणजे वर्तुळाचा धडा पहिल्या पानापासून इतका सोपा लिहिलाय, मोठ्या अक्षरात, बाण काढून काढून, जणू एखाद्या ढ मुलासाठी. एवढा इंजिनियर आणि स्वतःसाठी असं लिहितो! शाईसुद्धा ताजी, म्हणजे आत्ता आत्ताच शिकलाय. आतून कच्चाच आहे गडी. आम्हाला उगाच भपका दाखवतो.

पण काय सांगू, मला कळलं. सगळं नाही, पण कळलं. वर्तुळाचं अगदी डावं टोक बघायचं, अगदी उजवं टोक बघायचं. मधली घरं मोजून निम्मी करायची, की केंद्र आडव्या अक्षावर कुठे ते कळलं. तसंच सगळ्यात वरचं, सगळ्यात खालचं. निम्मं. की उभ्या अक्षावर कुठे ते कळलं. आणि केंद्रापासून काठापर्यंत जेवढी घरं तेवढी त्रिज्या. एवढंच! याच्यासाठी मला दोनदा उडवलं होतं?

मामाने विचारलं, "काय रे, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस? शिव्या देतोस का मला?" मी म्हटलं, "घरं मोजतोय." म्हणाला, "बिल्डर झालास की काय!"

१५ तारीख, शनिवार

फुटपट्टीला दुकानात बोलावलं. नको नको म्हणत आली. मी म्हटलं, "परीक्षेला बसू नकोस. दुकानात बसायचंय ना? मग मशीन शिकून घे."

एक वर्तुळ घेतलं, मूळ कागदावरचं, खरंखुरं गोल. तिलाच बटणं दाबायला लावली. एक प्रत सत्तर टक्क्यांनी, एक शंभरने, एक एकशे एक्केचाळीसने. तिन्ही कागद काउंटरवर मांडले. धाकटा, मधला, थोरला.

"लाव पट्टी."

लावली. "साडेतीन. पाच. सात आणि थोडंसं."

"म्हणजे तीन वेगळी वर्तुळं?"

"नाही. एकच आहे. आत्ता तर मीच काढलं."

"मग पट्टी ठेव इकडे." मी हातातून काढूनच घेतली. फुटपट्टीच्या हातातून फुटपट्टी! दात काढल्यासारखं तोंड केलं तिने. "आता घरं मोज. केंद्रापासून काठापर्यंत."

मोजली. धाकट्यावर पाच. मधल्यावर पाच. थोरल्यावर पाच.

तिने पुन्हा मोजली. मग म्हणाली, "वर्तुळ आकसलं तर घरही तेवढंच आकसतं."

"मग? घर सोडून पळून जाणार आहे का ते?"

आणि हसली! अकरा दिवसांनी. एवढं काही भारी बोललो नव्हतो मी, पण हसली. मामाही उगाचच हसला, त्याला काही कळलं नव्हतं.

मग तिने दप्तरातून ते जुने बारा कागद काढले आणि घरं मोजली. सगळी बरोबर. केंद्र तीन, वजा दोन. त्रिज्या पाच. वजा दोन म्हणजे वजा दोन, पुढे शेपूट नाही.

"पण दादा, मग या बारा कागदांवर आडवी आणि उभी वेगळी का येत होती? त्या तुझ्या तीन कागदांवर तर सारखी येते."

"मशीन गं. कधीकधी करतं."

"बाराही वेळा?"

"हट्टी आहे."

"हं," ती म्हणाली. बारा कागद नीट एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि पुन्हा दप्तरात घातले. मी म्हटलं, टाक ना ते आता. म्हणाली, "राहू देत. उपयोगी पडतील." मागच्या बाजूला कच्चं लिहायला घेतले असतील. काटकसरी आहे.

१८ तारीख, मंगळवार

आज समीकरण. हे मला फार आवडलं, कारण हे माझ्यासारखंच आहे. लबाड.

केंद्र तीनवर असेल तर ते लिहितं एक्स वजा तीन. केंद्र वजा दोनवर असेल तर लिहितं वाय अधिक दोन. जिथे आहे त्याच्या बरोबर उलटं सांगायचं. आणि त्रिज्या पाच असली की छाती फुगवून पंचवीस सांगायचं. मी फुटपट्टीला म्हटलं, "हे बघ, याला पोलिसासारखं विचारायचं. तू अधिक दोन म्हणतोस काय? म्हणजे वजा दोनला लपलायस. पंचवीस म्हणतोस? वर्गमूळ काढ आधी, मग बोल."

तिने वहीत लिहून घेतलं, "पोलिसासारखं विचारायचं." माझं वाक्य! वहीत! तारीख घालून!

तेवढ्यात खडू आला. पेपर संपले त्याचे. दारात उभा राहून ऐकत होता वाटतं. फुटपट्टी म्हणाली, "सर, बघा ना, दादाने काय भन्नाट सांगितलंय." खडूने वही वाचली आणि मोठ्याने हसला, अगदी बाकावर हसायचा तसा, आवाज दाबायचा आणि नाकातून फुस्स करायचा. मलाही हसू येत होतं, आवरलं.

मग त्याने एक गोष्ट जोडली. "अक्षावरचे आकडे आधी वाच. कधीकधी एक घर म्हणजे एक नसतं, दोन असतात." झालं. लगेच आई आतून, "सर, खरंच तुमच्यासारखे तुम्हीच!" आणि कप. तोच.

चार दिवस घसा मी बसवला. एका वाक्यावर कप तो घेऊन गेला.

वही परत दिली. म्हटलं, "विसरला होतास." म्हणाला, "अरे हो का? काही अडलं का त्यात?" मी म्हटलं, "मी कशाला वाचू?" म्हणाला, "बरोबर." वही मात्र घेतली नाही, काउंटरवरच राहू दे म्हणाला. घरी म्हणे जागा नाही. एका वहीला!

२४ तारीख, सोमवार

परीक्षा झाली. मी मामाला सांगून केंद्रावर गेलो, बाहेर उभा राहिलो. खडूही होता. दोघं भिंतीला टेकून उभे, तीन तास. तो एका बाजूला, मी एका बाजूला. मध्येच तो म्हणाला, "शेंगदाणे?" मी म्हटलं, "नको." मग घेतले.

फुटपट्टी बाहेर आली ती थेट माझ्याकडे. म्हणजे आम्ही दोघंही तिकडेच उभे होतो, पण बघत माझ्याकडे होती, मी तरी असं धरतो. "दादा, वर्तुळ आलं होतं! आकडे आधी वाचले. एक घर म्हणजे दोन होते. चार घरं मोजली, त्रिज्या आठ लिहिली. पट्टी पिशवीतून काढलीच नाही."

मग ती वळली आणि खडूला म्हणाली, "थँक्यू सर."

थँक्यू त्याला. मला काय, नुसती हकिकत.

पुढचा महिना, ३ तारीख, बुधवार

लागलं नाव. तीस जागा, हिचा नंबर अकरावा.

घरात नुसती झुंबड. शेजारच्या काकू, मामा, सगळे. आणि मधोमध पाठवाल्या खुर्चीत कोण? खडू. मामा म्हणाला, "मास्तर, आमच्या मशीनमधून एवढे कागद गेले, पण असा निकाल पहिल्यांदा छापून निघाला!" आई तर डोळेच पुसत होती. "सर नसते तर पोरगी दुकानातच बसली असती."

खडू उठला. म्हणाला, "काकू, वर्तुळं मी शिकवलीच नाहीत. ती याने शिकवली." आणि बोट माझ्याकडे.

सगळे वळले. हे मला हवं होतं ना? महिनाभर हेच हवं होतं. आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

"छे! मी कसला शिकवतोय! सर उगाच मोठेपणा दाखवतात. मी आपल्या झेरॉक्स काढल्या."

सगळे हसले. मामा म्हणाला, "हा आणि गणित! उजेड!" आणि विषय संपला. खडू माझ्याकडे बघत राहिला. फुटपट्टी पण. दप्तर मांडीवर घट्ट धरून.

मला भीती वाटली, दुसरं काय! शिकवलंस म्हटलं तर पुढे कुणीतरी विचारणार, तिला आधी येईना का झालं होतं? आणि दुसरं म्हणजे, ते सगळे असे बघायला लागले की वाटलं, आता मला रोज हुशार असावं लागेल. तो फार वैताग.

पण नंतर मोरीत तोंड धुताना इतका जळफळाट झाला! त्याला देऊन टाकलं मी. आयतं. माझ्याच हाताने.

८ तारीख, सोमवार

आज जे झालं ते लिहू की नको? लिहितो. बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहितोय, मामाला वाटतंय हिशेब करतोय.

फुटपट्टीचा कोर्सचा पहिला दिवस. तिचा ड्रॉइंगचा बोर्ड जड, म्हणून मी पोचवायला गेलो. तिथून मशीनचा टोनर घेऊन अर्ध्या तासात परत, असं मामाला सांगितलेलं.

मोठी खोली. उंच टेबलं, उतरत्या फळ्यांची. प्रत्येक टेबलाला स्वतःचा दिवा. मोठ्या खिडक्या, ताज्या लाकडाचा वास. फुटपट्टी जाऊन बसली आणि दिव्याची मान खाली-वर करून बघायला लागली. आणि मी दारात. काय झालं मला कळलं नाही, पण असं आतून ओढल्यासारखं झालं. खडूचा हेवा मला माहीत आहे, तो पोटात होतो. हा त्याहून वर होता, गळ्यापाशी. आणि खडू तर तिथे नव्हताच. कुणाचा होता मग? माझ्या धाकट्या बहिणीचा? दिव्याचा?

तेवढ्यात पांढऱ्या मिशांचे मास्तर आत आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "दारात काय उभा? बस जागेवर."

आता सांगा, मी काय करणार? 'मी झेरॉक्सवाला' असं सांगायचं? बसलो. शेवटचं टेबल, खिडकीजवळ. फुटपट्टी माझ्या पुढच्या टेबलावर. तिने मागे वळून बघितलं नाही, नशीब. माझ्याकडे ना कागद ना पेन्सिल. पण तिच्या टेबलावरून एक कोरा कागद घसरून मागे माझ्या टेबलावर आला आणि पाठोपाठ एक पेन्सिल, टोक काढलेली. वेंधळी आहे. बरं झालं.

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, एक्स अधिक चार, कंसाचा वर्ग, अधिक वाय वजा एक, कंसाचा वर्ग, बरोबर नऊ. "कोण सांगतो केंद्र? आणि त्रिज्या?"

पुढच्या रांगेतला एक चकचकीत केसांचा उठला. "चार, वजा एक. त्रिज्या नऊ."

मी हाताने तोंड दाबून धरलं होतं. शपथ. पण सुटलं. "वजा चार, एक! त्रिज्या तीन! तो उलटं सांगतोय, त्याचं ऐकू नका!"

खोली हसली. मास्तर हसले नाहीत. फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरोबर. मागचा. नाव काय तुझं?"

आणि इथे माझी मती गेली. स्वतःचं नाव सांगितलं तर यादीत नाही, हाकलतील. साठ डोळे माझ्यावर. दुसरं नावच आठवेना. मी खडूचं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट.

मास्तरांनी यादी वरून खाली बघितली. "नाही दिसत. कारकुनाने गाळलं वाटतं." खिशातून पेन्सिल काढली आणि यादीच्या शेवटी लिहून टाकलं. एकतिसावा. "शाबास," म्हणाले, आणि खडूचं नाव मोठ्याने घेतलं. सगळ्यांसमोर.

म्हणजे बघा. जन्मात पहिल्यांदा माझं गणिताचं उत्तर भर वर्गात बरोबर आलं, आणि शाबासकी गेली त्या खडूला. या वेळी तर त्याने काहीच केलं नव्हतं. घरी बसला असेल बिचारा. मीच दिली नेऊन.

तास पूर्ण बसलो. कागद दोन्ही बाजूंनी भरला. टोनर राहिला. मामाला सांगितलं, रांग फार होती. मामा म्हणाला, "टोनरला रांग? फुकट वाटत होते की काय!"

पुढचा तास गुरुवारी आहे. हजेरीत ते नाव पुकारतील. कुणी 'हजर' म्हटलं नाही तर मास्तर म्हणतील, पहिल्याच आठवड्यात दांडी. त्याच्या नावाला बट्टा. मला त्याचं काय! पण इतकी वर्षं एका बाकावर काढली, बट्टा कसा लागू द्यायचा?

हे वाचणाऱ्या, तू कोण आहेस मला माहीत नाही. हा गठ्ठा बंद पडलेल्या जुन्या मशीनच्या पोटात ठेवतो मी, तुझ्या हाती कसा लागला देव जाणे. पण पाया पडतो तुझ्या. मामाला सांगू नकोस, तो हाकलेल. आईला सांगू नकोस, ती रडेल आणि मग मला ती खुर्ची देईल, मला नाही बसवणार त्यात. फुटपट्टीला तर चुकूनही नको, तिला काही माहीत नाही. आणि खडूला, बाबा रे, खडूला अजिबात सांगू नकोस. तो काही बोलणार नाही. नुसतं माझ्याकडे बघेल. कुणाला सांगू नकोस. माझ्या गळ्याची शपथ.